ढेमसं हे नाव कसं पडलं

मी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. साठीचं दशक सरत आलं होतं. त्या काळी नागपुरातून उमरेडला बोलायचं झालं तरी आधी कॉल नोंदवावा लागे आणि मग फोनजवळ बसून वाट बघावी लागे. आम्ही बायका डोक्याला हेडफोन लावून एका लांबलचक बोर्डापुढे ओळीने बसायचो. बोर्डाला भोकंच भोकं. हातातल्या दोरीचं एक टोक या भोकात आणि दुसरं त्या भोकात खुपसलं की दोन गावं एकमेकांशी बोलू लागत. मला तर सुरुवातीचे काही दिवस ही जादूच वाटायची. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, आणि आमच्या सक्करदऱ्याच्या वस्तीत कोणाच्याही घरी फोन नव्हता. मी पहिल्यांदा फोन कानाला लावला तो थेट नोकरीतच.

पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, की लाइनवर स्वतःचं नाव सांगायचं नाही. ग्राहक ओळख काढतात, माझा कॉल आधी लावून दे म्हणतात, नाही लावला तर नावानिशी तक्रार करतात. म्हणून आम्ही फक्त ‘नागपूर’ म्हणायचं. पलीकडचा ऑपरेटर ‘वर्धा’ म्हणायचा, नाही तर ‘चांदा’, ‘काटोल’, ‘भंडारा’. मला हा नियम आवडला. आमच्या घरच्यांनी मी लहान असताना धम्म घेतला होता. नाव सांगितलं की लोक आडनाव विचारत, आणि आडनाव सांगितलं की पुढचं बोलणं जरा जपून करत. लाइनवर ती भानगडच नव्हती.

पण दिवसभर एकमेकांच्या कानात बोलणारी माणसं एकमेकांना नुसतं गावाच्या नावाने किती दिवस हाक मारतील? नियम नाव सांगू नका असा होता, नाव ठेवू नका असा नव्हता. त्यामुळे प्रत्येकाला एक लाइनवरचं नाव होतं. वर्ध्याच्या बाईंचं बोलणं संपता संपत नसे, म्हणून त्या ‘सूतगिरणी’. चांद्याच्या ऑपरेटरचा आवाज लोण्यासारखा मऊ, म्हणून तो ‘वाघोबा’. आणि उमरेडच्या बोर्डावर जे गृहस्थ होते, त्यांना अख्खी लाइन ‘ढेमसंभाऊ’ म्हणत असे. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, ढेमसं म्हणजे लिंबापेक्षा मोठी, हिरवी, गोल गरगरीत अशी एक फळभाजी. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी होते आणि मुलं नाक मुरडत खातात.

माझं नाव आठवड्याभरात पडलं. आमच्या पाळीच्या प्रमुख ज्या होत्या त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, कपाळावर लहानसं कुंकू, आणि हेडफोन कायम डाव्या कानाला. बोर्डाच्या अगदी उजव्या टोकाला, भिंतीला लागून त्यांची खुर्ची. त्यांचा दरारा असा, की त्या आल्या की आमच्या बांगड्यासुद्धा वाजायच्या थांबत. मी कॉल देत असताना त्या एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हा आवाज आहे की सुतळी? पलीकडे काय पोचणार?”

झालं. त्या दिवसापासून मी सुतळी.

दोन-तीन दिवसांनी मला पहिल्यांदा उमरेडची लाइन मिळाली.

“हॅलो नागपूर, उमरेडहून ढेमसं बोलून राहिलो,” पलीकडून खर्जातला, सावकाश आवाज आला. “नवीन आवाज दिसते.”

“हो,” मी म्हटलं.

“काय नाव ठेवलं वं तुये?”

 शेजारच्या मैत्रिणीने माझ्या हेडफोनजवळ तोंड आणून सांगून टाकलं, “सुतळी.” आजूबाजूच्या दोघी-तिघी फिसकन हसल्या. पलीकडे मात्र कोणी हसलं नाही.

“कायची सुतळी? अंबाडीची का तागाची?”

“मला माहीत नाही.”

“माहीत करून घे पोरी. आपलं नाव कसं पडलं ते आपल्याले सांगता आलं पाहिजे. नाई तर लोक आपल्या मनानं सांगतात.” मग लगेच कामाच्या आवाजात, “घे, बाजारातला नंबर लावतो.”

दुपारी जेवणानंतर दुकानं अर्धी मिटलेली असत, कचेऱ्या सुस्तावलेल्या असत, आणि तासभर तरी लाइन मोकळी मिळे. मग कोणी तरी दोन-चार गावांच्या दोऱ्या एकत्र जोडून द्यायचं आणि गप्पांचा फड बसायचा. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. सूतगिरणीबाई गोऱ्या की काळ्या, वाघोबाला मिशा आहेत की नाहीत, कोणालाच ठाऊक नव्हतं. नुसते आवाज. आणि त्या फडाचा राजा म्हणजे ढेमसंभाऊ. त्यांना कोणाही नवीन माणसाने विचारायचं, “भाऊ, तुमचं नाव ढेमसं कसं पडलं?” आणि त्यांनी सांगायचं.

मी विचारलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं ते असं. “माही माय भाजी विकाले बसे. उमरेडच्या बाजारात, पिंपळाखाली. मी तवा दोन महिन्याचा. मले टोपलीत निजवलं आणि वरून लुगड्याचं फडकं टाकलं. माय पाणी प्याले गेली. तेवढ्यात एक बाई आली, तिले दिसे कमी. तिनं बाजूले बसल्या माह्या मावशीले म्हटलं, हे एवढं मोठं ढेमसं कसं दिलं? मावशीचं ध्यान दुसऱ्या गिऱ्हाइकात. तिनं उचललं, तराजूत टाकलं, अन् देल्लं.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. बाईनं घरी नेऊन विळीजवळ ठेवलं. तवा मी रडलो. बाई तशीच पळत बाजारात आली अन् मायले म्हणते, तुये हे ढेमसं किडकं हाय, आतून आवाज येते.”

मी तोंडात पदर धरून हसले. भाऊ हसले नाहीत. ते कधीच हसत नसत. हिशेब सांगितल्यासारखं सांगत, आणि मध्येच म्हणत, “तो पिंपळ अजून हाय, ये कधी पाहाले.” त्या पिंपळामुळे सगळं खरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या कौतुकाने ही गोष्ट सूतगिरणीबाईंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, “छे गं. कुस्तीमुळे पडलं ते नाव. मला स्वतः सांगितलंय त्यांनी.” त्यांना मिळालेली गोष्ट अशी, की नागपंचमीच्या दंगलीत भाऊ उतरले. अंगाने गोल, त्यात तेल इतकं चोपडलेलं की समोरच्या पैलवानाला धरताच येईना. त्याने जोर लावला तसे भाऊ हातातून निसटले आणि गडगडत आखाड्याबाहेर, तिथून उतारावरून थेट नाल्याकडे. पंच म्हणाले, आखाड्यात जो उरला तो जिंकला. पण लोक सगळे गडगडणाऱ्याच्या मागे पळाले होते, त्यामुळे फेटा बांधला गेला तो नाल्याच्या काठी, भाऊंना.

चांद्याच्या वाघोबाकडे तिसरीच गोष्ट होती. लग्नात भाऊंच्या बायकोला उखाणा घ्यायला सांगितलं. पोरगी लहान, घाबरलेली. नवऱ्याचं नाव तिच्या ध्यानातून पार उडालं. समोर ताटात भाजी होती, ती बघून ती म्हणाली, “ढेमशाच्या भाजीले खोबऱ्याचा वास, यायचं नाव घेते तुमच्यासाठी खास.” आणि पुढे काहीच नाही. वऱ्हाडातली म्हातारी म्हणाली, “अवं, नाव घेतलं ना तिनं. पहिल्याच शब्दात घेतलं.”

वर्धा आणि चांदा यांच्यात खरी गोष्ट कोणती यावरून चांगलीच जुंपायची. शेवटी भाऊंनाच विचारलं तर म्हणत, “दोन्ही खऱ्या. माणूस काय एका दिवसात नावारूपाले येते?”

माझ्या लेखी ते मोठे झाले ते मात्र वेगळ्या दिवशी. भंडाऱ्याला एक नवा मुलगा लागला होता. त्याने फडात मला विचारलं, “सुतळीताई, तुमचं नाव कशावरून?” मी मोठ्या बाईंचे शब्द आठवून नुसतीच बसले. तेवढ्यात उमरेडहून आवाज आला, “ते मी सांगतो. मले ठाऊक हाय.”

आणि त्यांनी सांगितलं. एका गावात उन्हाळ्यात एकच विहीर जिवंत होती. दोर सडून तुटला. पाटलाच्या घरी नवा दोर होता, पण तो सगळ्यांना द्यायचा नव्हता. तेव्हा एका पोट्टीनं घरोघरी फिरून पोत्यांची सुतळी उसवून आणली. सगळे हसले, सुतळीनं कुठे बादली वर येते? तिने तीनपदरी वेणी घातली, मग त्या वेण्यांची आणखी वेणी. सगळ्या गावाने उन्हाळाभर त्या वेणीवर पाणी काढलं. “अन् ती सुतळी काई तुटली नाई,” भाऊ म्हणाले. “पावसाळ्यात पाटलाचा माणूस मागाले आला, आमचा दोर तुटला, तुमची सुतळी द्या म्हणून.”

“ती पोट्टी म्हणजे या ताई?” भंडाऱ्याच्या मुलाने विचारलं.

“आवाजावरून समजत नाई का तुले?”

 मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. त्यांना माझं आडनाव ठाऊक नव्हतं, घर ठाऊक नव्हतं, विहिरींवरून आमच्या आज्यांना काय काय ऐकावं लागलं होतं तेही मी कधी बोलले नव्हते. तरी त्यांनी माझ्या नावाला जी गोष्ट दिली, ती माझ्या मापाची होती. त्यानंतर मी स्वतःच लाइन घेताना म्हणू लागले, “नागपूरहून सुतळी.” आवाजही हळूहळू मोकळा झाला.

ते नुसते गप्पिष्ट असते तर मी त्यांची इतकी चाहती झाले नसते. कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा चार दिवस पाऊस लागून होता, आणि लाइनवर अशी खरखर की एकाचं दुसऱ्याला काही ऐकू जात नव्हतं. अशा वेळी ऑपरेटरने दोन्हीकडचं ऐकून दोन्हीकडे परत सांगायचं असतं. उमरेडच्या पोस्टात एक बाई येऊन बसली होती. तिचा नवरा ट्रक ड्रायव्हर. तो रात्रीच नागपूरला, वाडीच्या गोदामात पोचायला हवा होता आणि रस्त्यातला पूल पाण्याखाली गेल्याचं तिने ऐकलं होतं. मी वाडीच्या गोदामाचा फोन लावला. तिथला मुनीम म्हणाला, “गाडी आ गई है.”

मी ते उमरेडला सांगितलं. भाऊंनी बाईला सांगितलं. मग मला म्हणाले, “गाडी आली म्हणते, माणूस आला का ते विचार.”

मुनीम म्हणाला, ड्रायव्हर झोपला आहे.

“उठवाले लाव,” भाऊ म्हणाले.

“भाऊ, वेळ संपत आली कॉलची.”

“संपू दे. मी पाहून घेतो. ह्या बाईनं गाडीशी लगन केलं नाई.”

मुनीम कुरकुरत गेला. बऱ्याच वेळाने एक पेंगुळलेला आवाज आला, “काय झालं?” मी म्हटलं, तुमच्या घरून फोन आहे, काळजीत आहेत. तो म्हणाला, “येतो म्हणा उद्या.” एवढंच बोलला आणि फोन ठेवून दिला. मला त्या माणसाचा राग आला. मी भाऊंना सांगितलं, आणि त्यांनी त्या बाईला जे सांगितलं ते मला खरखरीतूनही ऐकू आलं. “येतो म्हणते उद्या. आवाज झोपेतला हाय, पण खणखणीत हाय. दुखणंबिखणं काई नाई. जा बाई, घरी जाऊन जेव.” त्यांनी त्या माणसाच्या तोंडी एकही शब्द जास्तीचा घातला नव्हता, आणि तरी त्या बाईला हवं होतं ते सगळं दिलं होतं. मी पुढे कित्येक वर्षं असे कॉल करताना हेच करायचा प्रयत्न केला.

या सगळ्यात एका गोष्टीचं मला कोडं पडे. मोठ्या बाई ढेमसंभाऊंच्या गोष्टींना कधी हसल्या नाहीत. भाऊंच्या नावाचा विषय निघाला की त्या खुर्ची मागे सारून उठत. “कामाला लागा,” म्हणत आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहत. आम्हाला वाटे, त्यांना हा माणूस आवडत नाही. भाऊ मात्र फड मोडताना हमखास विचारत, “मोठ्या बाई हायेत का? बऱ्या हायेत ना?” आम्ही म्हणायचो, आहेत, बऱ्या आहेत. तेवढं ऐकून ते लाइन सोडत.

अशी दहाएक वर्षं गेली. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली. मोठ्या बाई बोर्डावरून उठून वरच्या जागेवर गेल्या, त्यांना वेगळी खोली मिळाली. मग एका मार्चअखेर भाऊ निवृत्त व्हायची वेळ आली. त्यांच्या शेवटच्या दिवशी दुपारी सगळी गावं एकत्र जोडली. सूतगिरणीबाई बोलायला लागल्या आणि पहिल्यांदाच त्यांना शब्द सुचेनात. वाघोबा म्हणाला, “भाऊ, आज तरी खरं सांगा. नाव कसं पडलं?”

भाऊ सुरू करणार तोच माझ्या खांद्यावर हात पडला. मोठ्या बाई. कधी खाली आल्या होत्या कळलंच नाही. त्यांनी हात पुढे केला, मी हेडफोन काढून दिला. त्यांनी तो डाव्या कानाला लावला आणि म्हणाल्या, “उमरेड, मी नागपूर बोलते आहे.”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, “पुढच्या रविवारी घरी आहात ना? मी येते.” हेडफोन माझ्या हातात दिला आणि निघून गेल्या.

संध्याकाळी सुटल्यावर त्या फाटकापाशी माझी वाट बघत होत्या. म्हणाल्या, “उमरेडची बस तुझ्याच घरावरून जाते. रविवारी माझ्याबरोबर चल.” मग चालता चालता, मी काही विचारलं नसताना, त्यांनी सांगितलं.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. लहानपणी कान फुटून त्यांचा उजवा कान गेलेला. हेडफोनला एकच कान लागतो, म्हणून त्यांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, मागे धाकटी भावंडं. नोकरी अजून कायम व्हायची होती. एक-दोन चुका आधीच झाल्या होत्या, वरूडच्या जागी वर्धा लावलं होतं. त्यांच्यावरचे साहेब हिंदी बोलणारे, कडक. एक दिवस साहेबांनी विचारायला सांगितलं, की उमरेडला आज ड्युटीवर कोण आहे. लाइन वाईट होती. पलीकडच्या माणसाने आपलं नाव सांगितलं, आणि बाईंना जे ऐकू आलं ते त्यांनी मोठ्याने सांगितलं.

“ढेमसं,” बाई म्हणाल्या. “भरल्या खोलीत म्हटलं मी. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, इस लड़की के कान की जाँच कराओ. आणि स्वतः दुसरा हेडफोन घेऊन त्यांनी उमरेडला विचारलं, क्या आपका नाम ढेमसं है? माझी दोरी अजून लावलेली होती. इकडचं सगळं त्यांना ऐकू गेलं असणार, आणि तिकडचं मला ऐकू येत होतं.  पलीकडून ते म्हणाले, जी साहब. यहाँ सब यही बोलते हैं. बाई ने बराबर सुना.”

मी रस्त्यातच थांबले.

“तपासणी टळली,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्यांना विचारलं, असलं नाव कसं पडलं?  त्यांनी ती बाजारातली गोष्ट सांगितली. मग ज्याने विचारलं त्याला नवीन. लोक गोष्टीतच अडकले, खरं नाव काय ते कोणी विचारलंच नाही. मला ते ऐकवत नसे गं. वाटायचं, माझ्यासाठी हा माणूस किती वर्षं हे करणार?”

थोडं चालल्यावर त्या आणखी म्हणाल्या, “तुझा आवाज मला नीट ऐकू यायचा नाही सुरुवातीला. त्याचीच चिडचिड होती ती.”

रविवारी सकाळी आम्ही उमरेडच्या बसमध्ये बसलो. बाईंनी खिडकीची जागा सोडून मला त्यांच्या डाव्या हाताला बसवलं.  उमरेडला उतरून विचारत विचारत आम्ही विणकरांच्या आळीत गेलो. दोन्ही बाजूंना मागांची खटखट चालू होती. मी मनात एका गोल, बुटक्या, हसऱ्या माणसाची वाट बघत होते. दारात उभा होता तो काठीसारखा सरळ, उंच, सुकलेला माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा. मी आवाज ऐकेपर्यंत विश्वास ठेवला नाही.

“या बाई,” ते म्हणाले. “अन् ही सुतळी काय?”

मोठ्या बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ते गडबडून मागे सरले. “हे काय करून राहिल्या बाई?”

“तुमचं नाव घालवलं मी,” बाई म्हणाल्या.

“नाव गेलं कोठी? एकाचे दोन झाले.”

“माझा उजवा कान गेलेला आहे. तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच हप्त्यात,” ते म्हणाले. “दोन गावाचे नाव सारखे आले की तुम्ही थांबत होत्या. तवापासून तुमच्यासाठी मी सावकाश बोलो. मंग तशीच सवय लागली.”

 बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या तिथल्याच खाटेवर बसल्या. तेवढ्यात भाऊंची बायको पाणी घेऊन बाहेर आली. तिने आमच्याकडे आणि नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, “कायचं नाव वं?”

तेव्हा कळलं, की घरी यातलं कोणालाच काही ठाऊक नव्हतं. लाइनवरचं नाव लाइनवरच राहिलं होतं. मी तिला सगळ्या गोष्टी सांगितल्या, टोपली, कुस्ती, आणि उखाणासुद्धा. उखाण्यापाशी आल्यावर ती माऊली अशी हसायला लागली, की तिला खांबाला धरून बसावं लागलं. “मी त उखाणा घेतलाच नव्हता,” ती म्हणाली. “लाजून गोठ्यात जाऊन लपली होती. अन् यायच्या घरी ढेमसं कोणी खातच नाई, यायलेच आवडत नाई.” भाऊ चष्मा पुसत बसले होते. तेवढ्या एका वेळेला मी त्यांना हसताना पाहिलं.

तिने आम्हाला वडा-भात वाढला, वरून फोडणीचं तेल. मोठ्या बाई दुसऱ्यांदा मागून जेवल्या. जेवताना त्यांनी भाऊंना ऑफिसातल्या किती तरी गोष्टी सांगितल्या, बदल्या, भांडणं, कोणाचं काय झालं ते. वीस-पंचवीस वर्षांचं साचलेलं होतं ते. भाऊ जेवण थांबवून ऐकत होते. मधून मधून ते उठून बाईंच्या डाव्या बाजूला येऊन बोलत आणि परत आपल्या पाटावर जाऊन बसत.

त्यानंतर बाई वर्षातून एकदा तरी उमरेडला जात. माझं जाणं संसारात जमेल तसं व्हायचं. बाईंनी आपल्या कानाचं ऑफिसात कधी लपवलं नाही पुढे. कोणी उजवीकडून बोललं तर सरळ सांगत, “इकडून नाही, इकडून बोल.” कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

ऐंशीनंतर एकेक गाव थेट डायलवर जाऊ लागलं. उमरेडची पाळी आली तेव्हा तिथला बोर्ड काढून नेला, आणि आमच्याकडच्या बोर्डावरची ती भोकं रिकामी राहिली. त्याच सुमारास मी भाऊंना भेटायला गेले. त्यांना ते ठाऊक होतंच. म्हणाले, “चाल, पाहू तरी.” कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन होता. दुकानदाराने त्यांना ओळखून गल्ल्यावरून फोन पुढे सरकवला. भाऊंनी माझ्या ऑफिसचा नंबर फिरवला, एकेक आकडा अगदी शेवटपर्यंत नेऊन. मग फोन कानाला धरून उभे राहिले. तिकडे घंटी वाजत असावी. कोणी तरी उचललं असावं, कारण त्यांनी मान हलवली, “काई नाई, नंबर पाहून राहिलो होतो,” असं म्हणून फोन ठेवला.

“मधात कोणीच नाई वं,” ते मला म्हणाले.

“नाही भाऊ. आता कोणी लागत नाही.”

“बरं हाय. लोकायले वाट पाहा नाई लागत.” त्यांनी दुकानदाराला पावशेर साखर बांधायला सांगितली, कारण मी चहा घेतल्याशिवाय निघणार नव्हते. घराकडे परतताना त्यांनी विचारलं, मोठ्या बाईंचा गुडघा कसा आहे, त्या जिना चढतात का. मी म्हटलं, चढतात, पण हळू. आळीत माग वाजत होते आणि त्या आवाजात त्यांना ऐकू जावं म्हणून मला तेच परत एकदा मोठ्याने सांगावं लागलं.